भात्यावर काच बसवू नये

मी, यमुनाबाई नागोराव हरणे, वय वर्षे ७४, राहणार कर्वेनगर, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात आणि राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. असा दाखला घ्यावा असं माझ्या मुलाला, चि. योगेशला, गेल्या पावसाळ्यापासून वाटू लागलं होतं. त्याचं मन मोडवलं नाही. दाखल्यात डॉक्टरांनी 'उत्तम' असा शब्द लिहिला आहे, तो त्याने दोनदा वाचावा.

१. कर्वेनगरचा फ्लॅट माझे यजमान कै. नागोराव यांनी लोहारकामावर घेतला. आम्ही मूळचे वाशीमकडचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर पुण्याजवळ मांजरीला आलो, कारण तिथे ऊस होता आणि उसाला कोयते लागतात. घाव ते घालत, भाता मी ओढत असे. एकतीस वर्षं ओढला. लोक मात्र म्हणायचे, नागोरावांचा भाता. मी शेजारी हवा खायला बसत होते जणू. असो. फ्लॅट माझ्यामागे योगेशला मिळावा.

२. बँकेतली ठेव आणि अंगावरचं सोनं सून चि. सौ. तनया हिला. कारण खाली येईल. याबाबत तिने नवऱ्याला विचारण्याची गरज नाही.

३. आता भाता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते, आणि त्यांत माझा मुलगाही येतो. भाता म्हणजे दोन लाकडी फळ्या, मधे चामड्याची घडी, पुढे नळी आणि खालच्या फळीला हवा आत घेणारी झडप. झडप नसली तर ते नुसतं खोकं. योगेशच्या शाळेची फी याच भात्याने भरली आहे.

दोन वर्षांपूर्वी मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे होते. तेवढ्यात योगेशने भाता शनिवार पेठेतल्या एका जुन्या वस्तूंच्या जाणकाराकडे नेऊन दिला. जाणकाराने झडपेचं भोक उंदराने पाडलेलं समजून लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलं, चामड्याला कपाटाचं पॉलिश मारलं आणि वर बसवण्यासाठी काचेचं माप घेतलं. चहाचे कप ठेवायला. महिनाभरात चामडं पापडासारखं तडकलं. मी जाब विचारला तर चिरंजीव म्हणाले, "आई, तो आता चालवायचाय कुणाला? दिसायला छान आहे ना." माझ्याबद्दलही त्याचं हेच मत असावं, फक्त मी दिसायलाही छान राहिलेले नाही.

भाता मी परत आणला. लांबी कोरून काढली, नवी झडप बसवली, फळ्यांना तेल पाजलं. अडलं ते चामड्यापाशी. म्हणून भीमरावांकडे गेले.

भीमराव आमच्याच गावचे, सरकारी नोकरीतून निवृत्त, आता कोथरूडला असतात. भात्याचं पहिलं चामडं त्यांच्या वडिलांनी शिवलं होतं. छपन्न साली वडिलांनी बौद्ध धम्म स्वीकारला, चामडं शिवायची आरी आणि कापायची रापी नदीत टाकली आणि हे काम कायमचं सोडलं. माझ्या सासऱ्यांना तो दगा वाटला. तेव्हापासून आमच्या घरी भाता फुसफुसला की त्या माणसाच्या नावाने शिवी, आणि नावही अर्धं तोडून. मी सून म्हणून आले आणि शिवी शिकले. ज्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांना मी तीसहून जास्त वर्षं शिव्या दिल्या. हे लिहिताना मला लाज वाटते.

तरी निर्लज्जासारखं विचारलंच, चामडं बसवून द्याल का. भीमराव म्हणाले, "वहिनी, आधी चहा घ्या. मग नाही म्हणतो."

चहा झाल्यावर म्हणाले, "वडील त्यातून बाहेर पडले. मी परत आत जाणार नाही. पण ते शिवायचे तेव्हा मी शेजारी बसायचो, टाका कसा घ्यायचा ते मला आठवतंय. सांगतो. हात तुमचे."

मला राग आला. रिक्षात बसून घरापर्यंत चरफडत आले. जिना चढताना लक्षात आलं, की हा सासऱ्यांचाच राग आहे आणि तो मी फुकट सांभाळते आहे. दुसऱ्या दिवशी चामडं आणलं.

चार महिने भीमराव आठवड्यातून दोनदा येत. आमच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत. चामड्याला त्यांनी बोट लावलं नाही. "टाका सैल पडतोय, वहिनी. उसवा." एका दिवसात सात वेळा उसवायला लावलं या गृहस्थाने. त्या चार महिन्यांत खाली चहा आणून देणारी एकटी तनया. सोसायटीने तेवढ्यात फळ्यावर सूचना लावली : 'वाहनतळात चामड्याचे काम करू नये.' सेक्रेटरींच्या गाडीच्या सीटा चामड्याच्या आहेत. त्याबद्दल सूचना नाही.

४. माझी धाकटी जाऊ त्याच काळात घरी आली आणि म्हणाली, "आपल्यात हे काम करत नाहीत. आधी साबणाने हात धू, मग चहा दे." तिला माझ्या इस्टेटीतून साबणाची एक वडी द्यावी. सुवासिक घ्यावी, कंजूषपणा करू नये.

५. भाता मांजरीच्या जया यांना द्यावा. त्या रस्त्याकडेला पाल ठोकून कोयते घडवतात. भट्टीला वारा घालायला विजेवरचा पंखा आहे, पण वीज गेली की हात बांधून बसावं लागतं. आजवर ज्यांनी ज्यांनी भाता पाहिला त्यांनी किंमत विचारली. जया यांनी दांडी ओढली आणि नळीपुढे तळहात धरला. म्हणाल्या, "दम हाय याच्यात." दुसरी चौकशी मला नको होती. त्यांना तो वापरायचा, जाळायचा, मोडायचा, विकायचा पूर्ण अधिकार आहे. फक्त त्यावर काच बसवू नये.

योगेश, तू यावर कोर्टात जाणार असशील तर जा. जाण्याआधी एकदा भाता ओढून बघ. दहा मिनिटं पुरे.

६. भात्याच्या वरच्या फळीवर माझ्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं होतं. चामडं ज्यांनी शिवलं त्यांचंही कोरावं असं मी ठरवलं होतं. भीमराव म्हणाले, "नको. त्या कामाला पुन्हा त्यांचं नाव चिकटवू नका." मग मी एकट्या सासऱ्यांचं तरी का ठेवू? गेल्या दिवाळीत ते रंध्याने काढून टाकलं. फळी आता कोरी आहे. घरात अजून कोणाला कळलेलं नाही, आता कळेल.

७. भीमरावांना काय देऊ असं विचारलं, तर म्हणाले, "साक्षीदार करा. साक्षीदाराला काही घेता येत नाही, बरं पडेल." म्हणून त्यांना काही नाही. सही करण्याआधी हा कागद मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचणार आहे, कारण माझं चुकलं हे नुसतं तोंडाने म्हणणं मला चार महिन्यांत जमलं नाही. त्यांच्या वडिलांचं पूर्ण नाव मला या वयात कळलं. ते मी इथे लिहिलेलं नाही. ज्यांचा हक्क आहे ते खाली लिहितील.

याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, आणि यात बदल करण्याइतकी माझी समजूत कोणी काढू शकेल असं वाटत नाही.

स्थळ : पुणे
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार :
(सही) यमुनाबाई नागोराव हरणे

वरील मजकूर आमच्यासमोर वाचला गेला व सही आमच्यासमोर झाली.

साक्षीदार १ :
(सही) डॉ. शरच्चंद्र गोडसे, कर्वेनगर

साक्षीदार २, पूर्ण नाव, स्वतःच्या अक्षरात :
भीमराव उत्तरेश्वर खिल्लारे