गरम भिंतीजवळची हवा

राजापेठ, अमरावती
१२ एप्रिल

आदरणीय धर्मपालमामा,
सुगतचा तुम्हाला आणि मैनामामींना सविनय जयभीम.

इकडे आम्ही मजेत आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? तेल न लावताच तुम्ही लावलं म्हणून सांगता, अशी मामींची तक्रार फोनवर आली. तरी मी तुमच्याच बाजूचा आहे.

चाळिशी उलटलेला कॉलेजचा मास्तर पीएचडीत नेमकं करतो काय, असं तुम्ही मागे विचारलं होतं. (फोनवर सांगायला लागलो की तुम्ही मध्येच जेवणाचं विचारता, म्हणून हे पत्र.) एक बंद डबा धरा. डावी भिंत गरम, उजवी थंड, वरखाली झाकलेलं. आतली हवा पंख्यावाचून गोल फिरू लागते. कशी, किती वेगानं, हे कॉम्प्युटरवर गणितानं काढायचं. आठ महिने मी तेच केलं. एका भिंतीकडून दुसरीकडे किती उष्णता जाते, याचे माझे आकडे छापील आकड्यांशी तंतोतंत जुळले, तेव्हा मी घरात जरा ताठच चालू लागलो.

अकोल्याच्या सेमिनारला आठवडा उरला असताना भावना दवाखान्यातली ड्यूटी करून आली आणि चहा घेत माझ्या पडद्यापुढे उभी राहिली. म्हणाली, "गरम भिंतीपाशी हवा खाली कावून येऊन राहिली? धूर तर वर जाते न!" मी तिला बंद डबा आणि उघडी चूल यांतला फरक पेपरच्या कोऱ्या कडेवर आकृत्या काढून समजावला. तिनं पेपर घडी करून ठेवला आणि "बरं" म्हणाली. (बारा वर्षांच्या संसारात या "बरं"चा अर्थ होकार असा कधीच निघालेला नाही.)

मग मी इरेला पेटलो. शेजारच्या भगवंतरावांची माशांची काचपेटी मागून आणली. मासोळ्या आमच्या मोठ्या गंजात, म्हणजे पाण्यानं भरलेल्या पातेल्यात, पेटी कोरडी करून एका बाजूला गरम पाण्याची पिशवी, दुसऱ्या बाजूला बर्फ, आत उदबत्तीचा धूर, वर झाकण. धूर गरम बाजूनं वर चढला. पेटी गळकी आहे, असं म्हणून मी चिकटपट्ट्या लावल्या. पुन्हा वर. पिशव्यांची अदलाबदल केली, तर धुरानंही बाजू बदलली, पण गरम भिंत धरूनच वर गेला. भगवंतराव दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, "सर, माह्या मासोळ्या गंजात हायेत. तुमच्या हवेचं ठरलं का नाही?"

शेवटी प्रोग्राम उघडला. गुरुत्वाकर्षणापुढे उणे चिन्ह दोनदा पडलेलं! म्हणजे आठ महिने माझा डबा उलटा टांगलेला होता. आणि डबा उलटा केला तरी उष्णता तेवढीच जाते, म्हणून आकडे बिनबोभाट जुळत होते. एक चिन्ह खोडलं, हवा वर निघाली आणि मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या.

सेमिनारला रागिणी मॅडम परीक्षक होत्या. आकडे जुळत असताना चूक कशी सापडली, असं त्यांनी विचारलं. काहीतरी भारदस्त सांगता आलं असतं. तोंडातून निघालं, "बायकोनं सांगितलं." मॅडमनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" मी म्हटलं, "धूर वर जाते." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, हसल्या आणि काम पुढे न्यायला सांगितलं. भावनेला घरी येऊन सांगितलं तर ती नुसतं "बरं" म्हणाली, पण संध्याकाळी पातोडीची रस्साभाजी होती. फार समाधानात आहे, मामा.

तुमचा भाचा,
सुगत

ता. क. आता खऱ्या खोलीत मोजमाप घ्यायचं आहे. तुमची टिनाखालची वरची खोली, मे महिन्यात, दारंखिडक्या बंद करून पंधरा दिवस मिळेल का? तुम्ही दुपारी तिथंच झोपता, हे ठाऊक आहे. माझी सोय तुमच्याकडेच करावी लागेल.

ता. क. २ मामाजी, मी भावना. पत्र टपालात टाकायले माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. खोली नक्की द्या. पंधरा दिवस कूलर मले एकटीले भेटते.