वरंब्यावरची अंडी

रविवार, ८ सप्टेंबर
पुन्हा फाउस्तोकाका दारात! "काय शेतराखणबाई, टिटवी काय म्हणते?" मग कोकाची पानं चघळत तासभर अंगणात ठिय्या. यंदा राखणीची पाळी आमच्या घराची. नाही म्हणता येत नाही, आणि गारा पडल्या तरी शिव्या मलाच. टिटवीनं सरीत अंडी घातली तर साल कोरडं — बटाटा खाली, सरोवराकाठी. वरंब्यावर घातली तर पाऊस भरपूर — मग बटाटा डोंगरउतारावर, नाहीतर कुजेल. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी प्रत्येकाला माझ्याच तोंडून ऐकायचंय!

शुक्रवार, १३ सप्टेंबर
तीन जागी अंडी. तिन्ही वरंब्यावर. लांबूनच पाहिली, हात लावायचा नसतो.

शनिवार
तीन म्हणजे पुरेशी का? कॉलेजात कुणी एवढ्यावर निष्कर्ष काढला असता तर मी हसले असते. पण टिटवी चुकल्याचंही मी कधी पाहिलेलं नाही. सासूबाईंना विचारावं, तर त्या दिवसभर मेंढ्यांमागे. येतात नि आडव्या होतात.

रविवार, २२ सप्टेंबर
गावसभा. मी म्हटलं, अजून आठवडाभर पाहू. झालं! "पुनोच्या कॉलेजात शिकून आली नि टिटवीलाच परीक्षेला बसवते!" — काका. सगळे हसले. नवरासुद्धा! वर तोच म्हणतो, "अंडी कुठं आहेत तेवढं सांग, निएवेस. वर की खाली?"
वर, म्हटलं. वरच होती. सगळ्या गावाचं बियाणं आता डोंगरावर.

शनिवार, ५ ऑक्टोबर
पेरणी संपली. पाठीचा भुगा. खाली काठाला एक कंदही नाही. "उगीच डोकं खात होतीस," काका जाता जाता म्हणालेच. न बोलता जातील तर ते काका कसले!

सोमवार, ७ ऑक्टोबर
सासूबाई सूप पिता पिता म्हणाल्या, "टिटवीची पिल्लं निघाली गं. हात लावू नये, ठाऊक आहे मला, पण मेंढ्यांनी अंडी तुडवली असती. सरीतून उचलून वरंब्यावर ठेवली होती. तिन्हीकडची."
"मेंढ्या तिथं कशाला नेल्यात?"
"मग कुठं नेऊ? वर डोंगरावर गवताची काडी नाही यंदा."