दुपारी झोपलेली माणसं

प्रिय दादा,

लगेच फाडू नकोस. हो, हे बाबांबद्दलच आहे. फोनवर तो शब्द काढला की तू फोन ठेवतोस, मेसेज न वाचताच पुसून टाकतोस, म्हणून कागद. फाडायचा झाला तरी कागद निदान हातात घ्यावा लागतो. आई घरी पोचली की हे पाकीट तुझ्या हातात देईल आणि तडक स्वयंपाकघरात निघून जाईल. तिला खोदून खोदून विचारू नकोस. कालपासून तिच्या पोटात धड अन्न नाही.

माझ्या इथल्या खोलीतल्या भिंतीवर तो फोटो आहे ना, मी बाबांच्या खांद्यावर बसलेली, तोंडभर हसणारी? बाबा घर सोडून गेले त्या वर्षी तू घरातला एकेक फोटो घेऊन त्यांना कात्रीने काढून टाकलंस. या फोटोत माझे पाय कापले जातील म्हणून तू फक्त डोकं कापलंस. माझ्या दोन गुडघ्यांमध्ये एक भोक, आणि माझे घोटे धरलेले दोन हात तेवढे राहिले. तुला बोल लावत नाही. काम शोधायला जातो म्हणून गेलेला माणूस परत फिरकलाच नाही, आणि शाळा सोडून फ्रिजदुरुस्तीच्या वर्कशॉपात जावं लागलं ते तुला. पण खरं सांगू, मला बाबांचा चेहरा आठवतच नाही. मला फक्त ते भोक आठवतं.

आता कॉलेजचं ऐक, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या सरांना मुलं ‘ध्यानस्थ’ म्हणतात. दर आठवड्याला ते आम्हाला आर्ट गॅलरीत नेतात आणि एकाच चित्रासमोर तासभर बसवून ठेवतात. पहिल्या वेळी मला वाटलं, यांचं डोकं ठिकाणावर आहे ना! पायाला मुंग्या आल्या, शेजारची मैत्रीण बसल्या बसल्या पेंगायला लागली, आणि सर हूं नाही की चूं नाही. त्यांचं एकच म्हणणं: नाक काढू नका, नाकाखालची सावली काढा. समोर कोण आहे ते विसरा, ओळखायला लागलात की बघणं बंद होतं. वर्गात तर चेहऱ्याचे फोटो उलटे टांगून काढायला लावतात. मी त्यात इतकी तरबेज झाले की एकदा सर सगळ्यांसमोर म्हणाले, हिला आता माणूस दिसत नाही, फक्त उजेड आणि अंधार दिसतो. मी महिनाभर हवेत होते. तुला फोन करून सांगितलं तेव्हा तू म्हणालास, त्यात काय विशेष, खडू, फ्रिज उघडला की मलाही मालक दिसत नाही, गॅस कुठून गळतोय तेवढंच दिसतं. किती हसलो होतो आपण.

वर्षअखेरीला शहरावर काहीतरी काम करायचं होतं. कुणी पूल घेतले, कुणी दुकानांच्या पाट्या. मी घेतली दुपारी झोपलेली माणसं. बघायला गेलं तर भर दुपारी केवढं शहर उघड्यावर आडवं झालेलं असतं! ट्रकच्या सावलीत हमाल, धुलाईच्या दुकानात मशिनला टेकून बसलेली बाई, दवाखान्याच्या पायरीवर कुणाचा तरी म्हातारा. मी कोळशाची कांडी आणि बोर्ड घेऊन हिंडायचे. झोपलेला माणूस हलत नाही, मला जरा बारीक दाखव असं म्हणत नाही. मला मजा यायची.

त्यातला एक बसस्टँडच्या वेटिंग हॉलमध्ये होता, अगदी शेवटच्या बाकावर. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, पायात दोन वेगळ्या चपला. मूठ हनुवटीखाली, अंगठा मुठीच्या आत. चित्र मोठं होतं, काही दुपारी जावं लागलं. एकदा तो मध्येच जागा झाला, माझ्याकडे बघत राहिला, आणि मग पुन्हा अगदी तसाच आडवा झाला, मूठ होती तिथे. किती समजूतदार माणूस, मी म्हटलं. शेवटच्या दुपारी मी आवरत होते तेव्हा तो उठून जवळ आला. कॉलेजचा नियम आहे, कागदाच्या कोपऱ्यात पूर्ण नाव लिहायचं. माझं नाव, मधे बाबांचं, मग आडनाव. त्याने चित्रातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलंही नाही. कोपऱ्यातल्या नावावर बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवलं. आणि मी, तुझी शहाणी बहीण, खेकसले त्याच्यावर, की काका, हात लावू नका, पुसलं जाईल. त्याने बोट काढलं, शर्टाला पुसलं आणि निघून गेला. त्या बाकावर मला तो पुन्हा दिसला नाही.

तुला वर्कशॉप सोडता येत नव्हतं म्हणून प्रदर्शनाला आई एकटीच आली. ठेवणीतले कपडे घालून, अवघडून. सगळ्या चित्रांपुढून भराभर गेली, छान गं, छान गं करत. मी सरांशी बोलत होते. वळून बघते तर आई त्या चित्रासमोर फरशीवर बसलेली. मला वाटलं चक्कर आली, पाणी दिलं. ती ते प्यायली नाही. म्हणाली, अंगठा. मग म्हणाली, दादा असाच झोपतो.

अरे, मला का नाही कळलं? लहानपणी तू झोपलास की मी तुझा अंगठा मुठीतून ओढून काढायचे आणि लाथ खायचे. जन्मभर बघितलेली मूठ मी सावलीवरून सावली काढत उतरवली आणि ओळखली नाही. पण बाबांनी मला ओळखलं, दादा. नावावर त्यांच्या बोटाचा डाग तसाच आहे. मला स्वतःची किळस येते.

आम्ही तशाच बसस्टँडवर गेलो. तिथल्या झाडूवाल्या मावशींना चित्राचा फोटो दाखवला. म्हणाल्या, हा मागच्या शेडमध्ये निपचित पडलेला सापडला, गाडी घेऊन गेली. मग सरकारी दवाखाना, मग त्याच्यामागची बैठी इमारत. बाबा गेले, दादा. चादर आईनेच बाजूला केली. हाताची मूठ उघडी होती. आई ती मिटायला गेली, पण बोटं वळेनात. ती कितीतरी वेळ प्रयत्न करत होती, शेवटी तिथल्या माणसाने तिला धरून बाहेर आणलं.

त्यांच्याजवळ नाव सांगणारं काहीच सापडलं नाही. तिथले साहेब वाईट नाहीत, पण आईच्या शब्दावर ताबा देता येत नाही म्हणतात. घरच्यांबरोबरचा एखादा फोटो आणा, चेहरा दिसणारा. नाहीतर शनिवारी बेवारस म्हणून पुरणार. म्हणून आई तुला घ्यायला आली आहे, आणि म्हणून हे पत्र. फोटो माझ्याकडे आहे, भोक पडलेला. तुकडा तुझ्याकडे आहे. तुझ्या हत्यारांच्या पेटीत, अगदी खाली, तारेच्या वेटोळ्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. एकदा स्क्रू ड्रायव्हर शोधताना मला ते कापलेले तुकडे दिसले होते, सगळेच्या सगळे. एकही तुला टाकवला नव्हता. तेव्हा मी पिशवी होती तशी ठेवून दिली, कुणाला बोलले नाही. ती घेऊन ये. रागात ये, माझ्याशी बोलू नकोस, पण शनिवारच्या आत ये. फोटो मी भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलाय, शेजारी डिंकाची बाटली आहे.

तुझीच,
खडू