आधी घरची माणसं

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा आकाशपाळणा उभा राहिला. चाकाच्या लोखंडी पट्ट्यांत तू काढून दिलेल्या चांदण्या मीच कापल्या, तरी आतून दिवे लागले तेव्हा मीच तोंड वासून बघत राहिलो. बागेचा मालक तर नवरदेवासारखा मिरवतोय.

एक बारीकशी गोष्ट. रिकामं चाक फिरवून बघतोय, तर एका चांदणीच्या टोकापासून केसाएवढा तडा निघालाय. अशा वेळी तड्याच्या टोकाशी ड्रिलने गोल भोक पाडतात. गोलाला कोपरा नसतो, म्हणून तडा तिथवर येतो आणि थांबतो. तसं भोक पाडलंय, वरून रंगही दिलाय. बाबांना सांगू नकोस, नाहीतर माझं डोकं खातील.

ठकीला तिच्या मामाचा पापा. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर आणखी चांदण्या कापायला लावशील.

तुझा,
गट्टू

ता. ६ मार्च

चि. गट्टूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट बाबांनीच फोडलं. तडा वाचून घाबरतील असं वाटलं, तर उलट खूश झाले. म्हणाले, शेवटी गट्टूला गोल भोक पाडावंच लागलं ना, मग आता चिंता नाही.

आपण जन्मभर त्यांना हसलो. त्यांनी बनवलेल्या घोड्यांच्या चक्राला सगळी भोकं गोल, घराच्या खिडक्या गोल, जेवायचं टेबल गोल. ड्रिलशिवाय दुसरं हत्यारच नाही बिचाऱ्यांकडे, असं म्हणायचो. काल पहिल्यांदा विचारलं, गोलच का. तर म्हणाले, माझे उस्ताद गोल पाडायचे म्हणून मी पाडतो, कारण विचारायचं सुचलंच नाही. ते ऐकून मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. चांदण्या काढताना मी तरी कुठे कोणाला विचारलं?

घरची रीत मात्र ते मोडू देणार नाहीत. आपण बनवलेल्या खेळात पहिली फेरी आपल्याच माणसांची. आपण दोघं असेच बसलो होतो, आता ठकीची पाळी. ती रोज खुर्चीत बसून तालीम करते, आणि खुर्चीला पट्टा नाही म्हणून मला रागावते. तडा सरकला नाही ना, एवढं ताबडतोब कळव.

रागावलास तरी चालेल, पण खरं लिही.

तुझी,
ताई

ता. ८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तडा भोकाच्या पलीकडून बाहेर पडलाय. मला वाटलं रंगावरचा ओरखडा असेल, म्हणून नखाने खरवडून बघितलं. नख अडकलं.

मोटारीच्या खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवलीय. मालकाला साफ सांगितलं, पट्ट्या बदलल्याशिवाय चाक फिरणार नाही. त्याने मान डोलावली, पण ती मान मला पटली नाही. गोल भोकांच्या नव्या पट्ट्या आणायला आजच कारखान्यात जातोय.

ठकीला पाठवू नकोस. बाबा हट्टाला पेटले तरी नाही.

घाईत आहे, लोभ गृहीत धरतो.

गट्टू

ता. १० मार्च

चि. गट्टूस,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळीच मालकाची गाडी दारात आली. उद्घाटन अलीकडे घेतलंय म्हणे. मला अंगात ताप, त्यामुळे बाबा आणि ठकी दोघंच गेली. तुझं पत्र आलेलं नाही. बाबा म्हणाले, काही असतं तर गट्टूने कळवलं नसतं का? मलाही ते पटलं.

गाडी वळली तेव्हापासून तीनदा उठून दाराशी जाऊन आले. तापामुळेच असेल. ठकी उतरली की काय म्हणाली ते शब्दाला शब्द लिही.

तुम्हा तिघांची वाट बघणारी,
ताई

ता. १० मार्च, दुपार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पट्ट्या घेऊन बागेत शिरलो तर चाक फिरत होतं. मालकाकडे दुसरी किल्ली होती. पहिली फेरी घरच्यांची ही आपली रीत मीच त्याला कौतुकाने सांगितली होती, ती त्याने पाळली. चाकावर दोघंच होती. दर फेरीला लोखंड एकदा टक् असं वाजत होतं. मी धावत जाऊन मोटार बंद केली, आणि त्यांचा पाळणा नेमका सगळ्यात वरच्या टोकावर थांबला.

आता खाली आणायचं तर अर्धा फेरा हवाच. पुढे फिरवा की मागे, अंतर तेवढंच, आणि चाक जरा हललं की तडा उघडतो. त्यात माझं बोट जातंय. मोठी क्रेन मागवलीय, ती संध्याकाळपर्यंत येईल. तोवर चाकाला साखळ्या बांधल्यात. वारा सुटलाय. साखळ्या ताणतात, सैल पडतात, पुन्हा ताणतात.

बाबा वरून ओरडून विचारत होते, तडा भोकाशी थांबलाय ना. मी हो म्हणालो. ठकीला वाटतंय, तिला नीट बघता यावं म्हणून मामाने चाक थांबवलं.

हे पत्र मालकाच्या गाडीतून पाठवतोय. त्याच गाडीत बस आणि ये. ताप असला तरी ये.

ठकी वरून हात हलवतेय. मीही तिच्याकडे बघत एका हाताने हलवतोय, दुसऱ्याने लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय. तुझा सगळा लोभ आज त्या दोघांवर असू दे.

गट्टू