ईशाच्या तळहातावरचे सात टाके

शनि. १२ जून २००४

आजच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच काहीतरी वेगळं सांगायला लागेन.

सकाळ झकास होती. घरून, नेपरव्हिलहून, तासाभरावरची नदी, गुडघाभर पाणी, तळाला गोटे. सुजाताने थालीपिठं घेतलेली. मी घरची विळी नेली. ती म्हणाली, "अरे, लोक काय म्हणतील?" म्हटलं, आमच्या मालवणात मासा पाण्याकाठीच साफ करतात. इथल्या त्या लवलवणाऱ्या सुऱ्या मला जमत नाहीत. टॉवेल अंथरून विळी मांडली. पातं उघडंच.

दहाच्या सुमारास गळाला स्मॉलमाउथ मासा लागला. दोनदा पाण्याबाहेर उसळला, दोरीने बोट कापलं. खेचून काठावर आपटला, बुटाखाली दाबला. तीन वर्षांतला पहिला धड मासा. ईशा मोजपट्टी घेऊन आली. नऊ वर्षांची आहे, मासेमारीच्या परवान्याबरोबर मिळालेलं नियमांचं पुस्तक तिला तोंडपाठ. "इट्स टू शॉर्ट, बाबा. वी हॅव टू पुट इट बॅक." दोन बोटं कमी भरला. म्हटलं, कोण बघतंय? म्हणाली, "मी बघतेय ना."

दगड घेऊन डोक्यात घातला. मेला नाही. पुन्हा दगड उचलतोय तोवर तिने मासा दोन्ही हातांनी उचलून पाण्यात टाकला. पांढरं पोट वर करून वाहत गेला. ना पाण्याला उपयोग, ना मला.

मारली. सणसणीत, कानाखाली. ती मागे भेलकांडली, सावरायला हात टेकला तो विळीवर.

रक्त टॉवेलवर, गोट्यांवर, डब्यातल्या थालीपिठांवर. पोरगी ओरडली नाही. सुजाता ओरडली, माझ्या छातीवर गुद्दे घातले, मग टॉवेल गुंडाळून तिला उचललं.

इमर्जन्सीत नर्सने विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत सुजाता, "शी स्लिप्ड." ईशाने आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. सात टाके. दोन बोटं वाकत नाहीत, सोमवारी दाखवायचंय. नर्स तिच्या गालाकडे जरा जास्तच वेळ बघत होती.

रवि. १३

गालावर माझी चार बोटं. निळी पडलीत.

देशमुख काकांना फोन केला. तीस वर्षं इथे डॉक्टरकी करून रिटायर झालेले, आपल्या सगळ्यांचे सल्लागार. "थप्पड हा शब्द काढू नकोस. इथे केस होते. तुमचं ग्रीन कार्ड अजून लटकलंय. मुलीला समजावून ठेवा." समजावून ठेवा म्हणजे काय ते मला कळलं. काकांनाही कळलं असणार, लगेच फोन ठेवला.

माझ्या बापाने मला ओल्या दोरखंडाने फोडून काढलेलं, तेव्हा कोणी टाके मोजले नव्हते.

वरचं वाक्य वाचून लाज वाटली. खोडत नाही, राहू दे.

दुपारी गॅरेजमध्ये गळाचा रॉड मोडायला घेतला. गुडघ्यावर मोडेना, नुसता वाकतो. पायाखाली घेऊन मोडला. मग रीळ हातोड्याने ठेचलं, चुरा होईपर्यंत. बरं वाटलं, आणि तेच वाईट. वर बघतो तर ईशा दारात. कधीपासून उभी होती देव जाणे. हातोडा माझ्या हातात तसाच. वळून आत गेली.

मंगळ. १५

काल डॉक्टर म्हणाला, बोटं येतील, वेळ लागेल. सुटलो असं वाटलं. ऑफिसात सांगितलं, मुलगी पाय घसरून पडली. अजिबात अडखळलो नाही.

आज मुलांच्या सुरक्षेच्या सरकारी खात्यातून फोन. हॉस्पिटलने त्यांना कळवलंय. एक बाई गुरुवारी दहाला घरी येणार. आमच्याशी बोलणार, ईशाशी एकटीशी.

सुजाता तिला घेऊन बसली. "दगड ओला होता ना, पाय घसरला ना?" "ओके." तीनदा विचारलं, तीनदा "ओके".

मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "तुझ्यासाठी नाही करत मी हे. आपल्याला देशाबाहेर काढलं, नाहीतर तिलाच आपल्यापासून काढून नेलं, तर तिचं काय, म्हणून." आणि हातातलं काचेचं ताट भिंतीवर मारलं. काच, भात, सगळीकडे. मी पुसून घेतलं. एक तुकडा टाचेत गेला. कोणाला सांगितलं नाही.

बुध. १६

संध्याकाळी ईशा टीव्हीसमोर. केस डोळ्यावर आलेले, मागे करायला हात पुढे केला. तिने बँडेजचा हात तोंडापुढे धरला. लगेच खाली घेतला, "सॉरी" म्हणाली.

मला म्हणाली, सॉरी. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंय. पण आता या घरात काही आपटायचं नाही.

गुरु. १७

पावणेदहा. रजा टाकलीय. सुजाताने गालाला पावडर लावू का विचारलं, ईशा नको म्हणाली. तसाही डाग आता पिवळा झालाय.

ब्रेकफास्टला विचारलं तिने, "बाबा, त्या तुला पण विचारणार?"

हो.

"आधी तुला की आधी मला?"

माहीत नाही, म्हटलं.

जरा वेळ सीरियल ढवळत बसली, डाव्या हाताने. मग म्हणाली, "यू गो फर्स्ट. तू जे सांगशील ना, मी तेच सांगेन."

सुजाता गॅसपाशी पाठमोरी. वळली नाही.

ड्राइव्हवेत गाडी लागली. दार मी उघडतोय.