चिखलाच्या चिमण्या शास्त्रात नाहीत

४ नोव्हें. १९६२, रविवार. केशवापूर
रविवारच्या शब्बाथशाळेत नऊच पोरं, तीही कंटाळलेली. म्हणून बाबांच्या पुठ्ठा गेलेल्या पुस्तकातल्या गोष्टी काढल्या. पाच वर्षांच्या येशूनं चिखलाच्या चिमण्या केल्या, टाळी वाजवली, उडाल्या. दुसरी : माळवदावरून पडून मेलेल्या सोबत्याला त्यानं हाक मारली, तो उठला. फार जुन्या काळी कुणी कुणी लिहिलेल्या. बायबलात, आपल्या शास्त्रात, घेतल्या नाहीत. हे पोरांना सांगायचं राहिलं. मार्थाक्काची रूथ तर तोंडाचा आ करून ऐकत होती.

१० नोव्हें.
रूथ गेली. सात वर्षांची. माळवदाच्या कठड्यावर चिखलाच्या चिमण्या ओळीनं मांडल्या, मग खांब धरून स्वतःही चढली. शेजारणीनं खालून पाहिलं. टाळी वाजवायला खांब सोडला.

११ नोव्हें.
मूठमाती. मार्थाक्का पेटी झाकू देईना. "थांबा की ओ जरा! पडलेल्याला तो हाक मारतो. रूथनंच सांगितलंय मला." नवरा ओढत होता. मी मागं उभी. भित्री आहे मी.

९ डिसें.
मार्थाक्का घरचं शास्त्र घेऊन आली. त्यांच्यात कुणालाच वाचता येत नाही. "बाई, ते हाकेचं पान दाखवा." कुठलंसं पान उघडलं. त्यावर बोट फिरवत गोष्ट म्हटली, वाचल्यासारखी. तिनं त्या पानात रूथची रिबन घातली.
शास्त्रावर हात ठेवून खोटं बोलले.

२२ डिसें.
पाळकसाहेब देवळात नाताळची गव्हाणी मांडत होते. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, खरं सांगून टाका तिला. मी चिडले. म्हटलं, गव्हाणीपाशी बैल आणि गाढव होते असं तरी शास्त्रात कुठंय? तेही तसल्याच पुस्तकांतून आले, आणि आपण दरसाल मांडतोय. गाढव त्यांच्या हातातच होतं. "बैल-गाढवापायी कुणाचं लेकरू गेलं नाही, बाई."


१४ जाने. ६३
मार्थाक्का पाटी घेऊन दारात. "अक्षरं शिकवा मला. रिबनीचं पान माझं मीच वाचते. तिच्या थडग्यापाशी बसून." नाही कसं म्हणू...

११ फेब्रु.
झपाट्यानं शिकते आहे. बाराखडी झाली. आता जोडाक्षरं तेवढी उरली. रोज ठरवते, आज सांगायचं.
आज तिला कालचाच धडा पुन्हा गिरवायला दिला. "हे झालंय की बाई," म्हणाली. आणि मुकाट्यानं गिरवत बसली.