मुरमाची माती

१४ नोव्हेंबर १९९२
वाटणी झाली. धाकट्या गोकुळला पाटाखालची काळी जमीन, मला वरचा मुरमाड माळ. चिठ्ठी मीच उचलली, पण कागद त्याच्या घरचा होता. बावड्याच्या शाळेत मी भूगोल शिकवतो. मला असं कुणी फसवू शकत नाही.

२२ नोव्हेंबर
संकल्प. ऊन, पाणी, मुळ्या आणि आम्ल यांनी खडकाची माती होते. दरवर्षी हेच शिकवतो. एक इंच मातीला शेकडो वर्षं लागतात, असं पुस्तकात आहे. पुस्तकवाल्यांना कुठे पेरणी गाठायची असते. मी एका वर्षात करतो. मग गोकुळचं तोंड बघायचं.

६ डिसेंबर, दुपार
खडकावर तुरकाठ्या पेटवल्या. चांगला तापल्यावर गार पाणी ओतलं. खाडकन तडा गेला. कपची उडून भुवई फुटली. ही म्हणाली, डोळा वाचला, आता तरी पुरं करा. हिच्या माहेरच्या, पिंपळीच्या माणसांना प्रयोगाची कदर नाही, सासऱ्यांनाही नव्हती.

१९ जानेवारी १९९३
माळावर ताक ओतलं. आम्ल. ही म्हणाली, आमी भाकरी कोरडी खायची आन् दगडानं ताक प्यायचं व्हय? नंतर बोललीच नाही. शांततेत काम बरं होतं.

२ मे
उन्हाळाभर जाळ, पाणी, पहार. हाताची सालटी निघाली. माळ जागोजागी कमरेइतका खोल फुटला. चाळून माती निघाली ओंजळभर, बाकी मुरूम. गोकुळ बांधावर येऊन म्हणाला, दादा, लई राबलास. टोमणा कळतो मला.

२८ ऑगस्ट
हुलगा उगवला, पिवळा पडला, गेला. बियाणं बनावट. दुकानदार गोकुळच्या ओळखीचा आहे.

१० ऑक्टोबर
भाऊबंद बसवले. थोरल्याला माळ आणि धाकट्याला काळी, हा न्याय नाही, अदलाबदल पाहिजे, असं ठणकावून सांगितलं. गोकुळ म्हणाला, घे की. पर दादा, ऊस लावून लावून त्या रानात मीठ फुटाय लागलंय, पाणी मुरत न्हाय. आदी बघून घे. मी बघितलं नाही. द्यायची नसली की माणूस जमिनीला रोग लावतो.

१५ ऑक्टोबर
इंदापूरला अदलाबदलीचा कागद झाला. गोकुळने चहा पाजला. प्यायलो, पण त्याच्याशी बोललो नाही.

२० फेब्रुवारी १९९४
गहू टीचभर. वर पांढरा थर. हिने बोट लावून चाखलं, म्हणाली, मीठ हाय. माझ्या मते चुना. चुना चांगला असतो.

८ जुलै
पाणी तुंबलंय. चप्पल चिखलात गेली ती गेलीच. तिकडे गोकुळने माळावर डाळिंबं लावली. आयते खड्डे मिळाले म्हणे, सुरुंग लागला नाही. डाळिंबाला निचरा लागतो, मुरमात मुळी कुजत नाही, असं मला शिकवतो. फार हसलो.

४ जानेवारी १९९७
शाळेची सहल गोकुळच्या बागेत. हेडमास्तरांनी मुद्दाम मलाच पुढे घातलं. फांद्या फळांनी वाकलेल्या. गोकुळ पोरांना म्हणाला, ह्यो खडक तुमच्या गुरुजींनी फोडला, मी निस्ती झाडं लावली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. इतका अपमान आजवर कुणी केला नव्हता.
संध्याकाळी घरी आला. दादा, काळं रान गेलंच हाय, निम्मा माळ तुझ्या नावावं करू, म्हणाला. मला हो म्हणायचं होतं. तोंडातून नको निघालं. वर, भीक नको, असंही निघालं. ही चुलीपासून उठून आत गेली.

५ जानेवारी
आज परत विचारेल. एकदा नको म्हणायची रीतच असते.

११ जानेवारी
आला नाही. मी थोरला, मी कसा जाणार. तोडणीचा हंगाम आहे, सवड नसेल.

२ फेब्रुवारी
गोकुळ आला. ओसरीवर बसला, चहा घेतला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी दोनदा पाऊसपाण्याचा विषय काढला, एकदा डाळिंबाचा. जमिनीचं तो काही बोलला नाही. जाताना वाकून पाया पडला. मी आशीर्वाद दिला.